गाडी दिली, पण कागदावर कुणाची?



पावसाच्या तोंडावर चौलकडे एका सुपारीच्या वाडीत गेलो होतो. कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी झाली की नाही, ते पाहायचे होते. फवारणी झाली होती. पंपही धुऊन पालथा घातलेला होता. पण मालकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. पडवीत बसल्यावर त्यांनी आतून एक लखोटा आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "साहेब, झाडाचा रोग तुम्ही सांगता. आता हे काय दुखणे आहे, तेवढे वाचून सांगा."

अलिबागच्या मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाची ती नोटीस होती. एका पिकअपने मोटारसायकलवाल्याला उडवले, त्याचा पाय गेला आणि त्याने भरपाई मागितली होती. सामनेवाले म्हणून आमच्या या बागायतदारांचे नाव होते. गंमत अशी की ती पिकअप त्यांनी अडीच वर्षांपूर्वीच विकली होती. स्टँपपेपर केला, नोटा मोजून घेतल्या, चावी दिली आणि वर घेणाऱ्याला वाडीतले चार नारळही दिले. त्या गृहस्थाने गाडी आठ महिने वापरून पुढे तिसऱ्याला दिली. मधल्या काळात विम्याची मुदत संपली, ती कोणी भरली नाही. गाडी तीन हात फिरली. आरसी बुक मात्र पहिल्याच नावावर राहिले.

या घरात आजवर किती गाड्या झाल्या, ते आम्ही बोटांवर मोजले. नारळ बाजारात न्यायला प्रथम एम-८०, मग मोटारसायकल, पुढे जुनी जीप, मग व्हॅन, मग ही पिकअप आणि आता दारात उभी आहे ती. आपल्या किनाऱ्याला हे काही नवल नाही. खारा वारा पत्रा खातो, पाच-सहा वर्षांत गाडी खडखडू लागते आणि मुंबईकडची दुसरी जुनी गाडी स्वस्तात मिळते. गाडी बदलायला आपण कचरत नाही. कागद बदलायला मात्र पेणला जावे लागते, आणि तिथे घोडे अडते.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. गाडी कोणाच्या अंगणात उभी आहे, याला किंमत नाही. अगदी अशाच एका प्रकरणात, जिथे गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेली होती, तिथे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत हिंडावे, हे न्यायालयाला पटले नाही. मलाही ते पटत नाही. पाय गेलेल्या माणसाने किती दारे ठोठवायची?

विमा चालू असता तर बोजा कंपनीवर गेला असता. तो नसला की रक्कम मालकाने भरायची. न भरल्यास याच कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकते आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. हे मी वाचून दाखवले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे वाडीवर येईल का हो?"

नाही म्हणून सांगण्याची माझी छाती झाली नाही.

जमीन घेतल्यावर फेरफाराची नोंद झाली का, म्हणून आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. गाडीचेही तसेच आहे. विकणाऱ्याने नमुना २९ आणि दोघांनी मिळून नमुना ३० भरायचा. कर्ज असेल तर बँकेचा दाखला घेऊन नमुना ३५ ने बोजा उतरवायचा. राज्यातल्या राज्यात गाडी दिली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे. 'तो करून घेईल' म्हणून कोऱ्या सह्या देऊन मोकळे होऊ नका. काही दिवसांनी परिवहन खात्याच्या मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर घालून नोंद पाहा. विमा कधीपर्यंत आहे तेही तिथे दिसते. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर त्याचे हे पाच मिनिटांचे काम.

आता घेणाऱ्याची बाजू. पुष्कळांना वाटते, गाडीबरोबर विमाही आलाच. तो अर्धाच येतो. कलम १५७ प्रमाणे दुसऱ्याच्या जिवाची नि मालमत्तेची हानी भरून देणारा भाग, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो, तो नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालापासून स्पष्ट केले आहे. त्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा श्रीवर्धनकडच्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाच्या गाडीवर माड पडला. छप्पर पार सीटला टेकले. पॉलिसी पूर्ण होती, वादळाचे नुकसान त्यात बसतही होते. पण ती जुन्या मालकाच्या नावे होती आणि गाडी घेऊन चार महिने झाले होते. त्यांना दमडीही मिळाली नाही.

मी दुसऱ्यांना सांगतो खरा, पण माझाही कान एकदा पिळला गेला आहे. पाच वर्षे एकही दावा न केल्याने मला ५० टक्के सूट लागू झाली होती. हिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. ही सूट गाडीची नसून माणसाची असते. गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या त्याच प्रकारच्या नव्या गाडीला ती लावता येते. मी पत्र घेतले नाही. नवी गाडी सव्वातीन वर्षांनी घेतली आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सहा हजार असेल, तर तीन हजार वाचले असते! थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसते, तेवढे ध्यानात असू द्या. आणि मुदत संपून ९० दिवस उलटले तर असलेली सूटही जाते.

वरचेवर गाडी बदलणाऱ्याला आणखी एक सोय आहे, ती एजंट आपण होऊन क्वचितच सांगतात. पॉलिसीची मुदत शिल्लक असेल, तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीवर ती उरलेल्या दिवसांसाठी फिरवता येते. हप्त्यातला फरक दिवसांच्या हिशेबाने होतो. मात्र जुनी गाडी विमा चालू ठेवूनच सोडली आहे, याचा पुरावा कंपनी मागते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही १ जानेवारी २०१९ पासून गाडीपासून वेगळा घेता येतो. गाड्या तीन असल्या तरी तो एकच पुरतो. एकाच माणसाच्या मोटारी आणि दुचाकी मिळून एक पॉलिसी देण्याची मुभाही विमा नियामकांनी जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना दिली. ती कोणती कंपनी देते, ते विचारून घ्यावे.

गाडीची जात बदलली की मात्र सावध. व्हॅन देऊन पिकअप घेतली, तरी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केले. पण पिकअपमध्ये वऱ्हाड भरले आणि अपघात झाला, तर मालवाहू गाडीतल्या फुकट्या प्रवाशांची भरपाई कंपनीवर येत नाही. आंब्याच्या पेट्यांबरोबर पेट्यांचा मालक बसला असेल तर गोष्ट वेगळी. तसेच पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीतून मांडव्याच्या धक्क्यावरून पाहुणे भाड्याने आणले, तर तो पॉलिसीच्या अटीचा भंग होतो. राहायला येणारी मंडळी आता बारमाही झाली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

विम्याविना गाडी सापडली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरी धास्ती त्या दोन हजारांची नाही, हे वरच्या हकिकतीवरून दिसलेच असेल.

चौलचा दावा अजून चालू आहे. स्टँपपेपर वकिलांकडे दिला आहे. तारखेला सकाळच्या एसटीने ते अलिबागला जातात आणि दुपारी पुढची तारीख घेऊन येतात. पोफळीचे शिंपणे त्या दिवशी वहिनी पाहतात.

परवा पुन्हा गेलो, तेव्हा पडवीत वेगळीच बैठक बसली होती. दारातली गाडी वहिनींचा धाकटा भाऊ घेणार होता. "घरातलाच मामला, पुढे सवडीने बघू," असे तो म्हणत होता. वहिनींनी नमुना २९, नमुना ३० आणि विमा कंपनीचा अर्ज असे तिन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले, चावी पदराला बांधली आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा येईपर्यंत सह्या झाल्या होत्या.