लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी

जुलै महिन्यातली सकाळ होती. नालासोपाऱ्यातील एका सात मजली इमारतीत आम्ही एका परिचितांकडे गेलो होतो. रात्रभर पाऊस झाला होता आणि लिफ्ट बंद होती. तळमजल्याचे लिफ्टचे दार उघडून रखवालदार खाली खड्ड्यात उतरला होता. पोटरीभर पाण्यात उभा राहून तो बादल्या भरून वर देत होता. बघायला जमलेली मुले वाकून डोकावू लागली, तेव्हा कोणीतरी ते दार लावून घेतले. लिफ्ट आपोआप खाली येणार नाही याची काय खात्री, असे आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले. "पाचव्या मजल्यावर दार उघडं ठेवलंय ना!" ते म्हणाले.

उत्तर शास्त्राला धरून होते, तरी आमच्या अंगावर काटा आला. जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये दार उघडे राहिले की खालून "लिफ्टचं दार लावा!" अशी हाक येते, आणि कोणीतरी सज्जन बाहेर येऊन दार लावतो. त्या सकाळी रखवालदाराचा जीव अशा एखाद्या सज्जनाने घरातून बाहेर न येण्यावर अवलंबून होता.

दार उघडे असले की लिफ्ट का चालत नाही? प्रत्येक मजल्याच्या दारावर एक विद्युत स्पर्शक असतो. हे सारे स्पर्शक एकसर जोडणीत असतात. म्हणजे प्रवाह पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा जातो. एकही दार उघडले तर मंडल तुटते, मोटरचा प्रवाह थांबतो आणि ब्रेक लागतो. वर्गात एक सेल, एक बल्ब आणि चार-पाच स्विच एकसर जोडून हे सहज दाखवता येते. तीच जोडणी समांतर केली तर काय घडेल, हे विद्यार्थ्यांना आधी विचारावे व मग करून दाखवावे. एकसर जोडणीचा आणखी एक फायदा असा की एखादी तार तुटली तरी लिफ्ट थांबतेच. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच व्हावा, ही यामागची कल्पना आहे.

आता खड्ड्यातल्या माणसाचा विचार करू. तळमजल्याचे दार उघडे आहे तोवर मंडल तुटलेले आहे. पण दार उघडे ठेवले तर बाहेरचा कोणी आत पडेल, म्हणून ते लावले जाते. दार लागताच मंडल पुन्हा पूर्ण होते आणि लिफ्ट कोणाच्याही बटणाला ओ देते. ज्या क्षणी बाहेरच्यांचा धोका संपतो, त्याच क्षणी आतल्याचा सुरू होतो. म्हणून खड्ड्यात एक स्वतंत्र लाल बटण असावे लागते. ते त्याच एकसर मंडलात असते, आणि दाबल्यावर मुद्दाम मागे घेईपर्यंत दाबलेलेच राहते.

हे बटण कुठे बसवायचे, यावर नियमात बारकाईने लिहिलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७९०० हे २०२२ चे मानक आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१०० वर आधारलेले आहे. त्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दार उघडताच बटण दिसले पाहिजे आणि ते दाराच्या चौकटीपासून आडव्या अंतराने ७५ सेंटिमीटरच्या आत असले पाहिजे. खड्डा १.६ मीटरपेक्षा खोल असेल तर दोन बटणे लागतात, एक वर दाराशी आणि एक खाली. बाहेर उभ्या माणसाचा हात आधी बटणावर पडावा आणि मगच पाय शिडीवर, एवढ्यासाठी ही मापे आहेत. दिव्याचा स्विचही तसाच दाराजवळ हवा. खड्डा अडीच मीटरपर्यंत असेल तर शिडी चालते, त्याहून खोल असेल तर उतरण्यासाठी वेगळे दार लागते. शिडीला किंवा तिच्याजवळ हाताचा आधार उंबरठ्याच्या वर १.१ मीटरपर्यंत हवा. शिडीची पहिली पायरी पायाने चाचपताना हाताला धरायला काही नसेल तर काय होते, हे विहिरीत उतरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मुळात खड्डा हवाच कशाला? लिफ्टची केबिन सर्वांत खालच्या मजल्याच्याही खाली घसरली तर तिला झेलायला तिथे बफर असतात. बफर किती दबला पाहिजे, याचे गणित दहावीच्या सूत्राने सुटते. लिफ्टचा वेग सेकंदाला १ मीटर आहे असे समजू. तो १५ टक्के वाढला तर १.१५ मीटर होतो. गुरुत्वत्वरणाइतक्या मंदनाने थांबायचे तर अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × ९.८१), म्हणजे सुमारे ६.७ सेंटिमीटर. तेलाच्या बफरसाठी मानकात हेच अंतर धरले आहे, तर स्प्रिंगच्या बफरसाठी याच्या दुप्पट. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होते, म्हणून वेगवान लिफ्टचा खड्डा अधिक खोल.

पण बफर केबिनला वाचवतो, तिच्याखालच्या माणसाला नव्हे. माणसासाठी वेगळी जागा राखावी लागते. बफर पूर्ण दबून केबिन तळाशी टेकल्यावरही उकिडवे बसायला ५० × ७० सेंटिमीटर जागा आणि १ मीटर उंची उरली पाहिजे. आडवे पडून राहायचे असेल तर ७० सेंटिमीटर × १ मीटर जागा आणि ५० सेंटिमीटर उंची. जमिनीवर खडूने हे चौकोन आखून मुलांना त्यांत बसवून पाहा. खड्ड्यात ठेवलेली जुनी बादली, खराटा किंवा रंगाचे डबे नेमकी हीच जागा खातात.

धोका केबिनचाच असतो असेही नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाचे प्रतिभाराचे वजन रिकाम्या केबिनपेक्षा जास्त असते. ब्रेक सैल झाला तर रिकामी केबिन वर जाते आणि ते वजन खड्ड्यात येते. म्हणून त्याच्यापुढे जाळी हवी.

वसई-विरारमध्ये या सगळ्यात पाणी मिसळते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये मिठागरांची सखल जमीन. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे ठप्प झाली होती. लिफ्टचा खड्डा तर इमारतीतली सर्वांत खालची जागा. वरून आलेले पाणी त्यात उतरतेच, शिवाय भूजल वर आले की तेही आत शिरू पाहते. दीड मीटर खोल खड्ड्याच्या तळाला भूजल वर ढकलते ते दर चौरस मीटरला सुमारे दीड टन वजनाइतक्या बलाने. तळ दोन मीटर बाय दोन मीटरचा असेल तर एकूण सहा टन. आतून सिमेंटचा गिलावा करून हे पाणी का अडत नाही, ते यावरून कळावे. बाहेरून जलरोधन करावे लागते, आणि ते बांधकामाच्या वेळीच.

पाण्यात बुडालेला स्विच उघडा असला तरी खारट पाण्यातून प्रवाह वाहू शकतो, आणि मग ज्या एकसर मंडलावर आपण विसंबलो तेच खोटे ठरते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या मुसळधार पावसात एका उंच इमारतीत लिफ्ट पाणी भरलेल्या तळघरात उतरली आणि आत अडकलेले दोन सुरक्षारक्षक बुडून मरण पावले. पाणी भरू लागले की केबिन वरच्या मजल्यावर नेऊन रिकामी करायची, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली खड्ड्यात उतरणाऱ्या तंत्रज्ञाच्याच खिशात द्यायची. पाणी पंपाने काढायचे. रखवालदाराचे हे काम नव्हे.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी १९३९ पासून कायदा होता, त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. लिफ्ट उभारायला परवानगी लागते आणि ती चालवायला वेगळा परवाना. मात्र जुन्या इमारती त्यांच्या काळच्या नियमांनी बांधलेल्या असतात, आणि नवे मानक आले म्हणून खड्डा आपोआप बदलत नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही विजेरी मागून खड्ड्यात डोकावून पाहिले. लाल बटण होते. ते समोरच्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर वर होते, आणि तिथे हात पोहोचण्यासाठी आधी पाण्यात उतरून दोन पावले चालावे लागत होते.