बाटिक
इंडोनेशियातील जावा बेट बाटिक वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. दांड्याला बसविलेल्या तांब्याच्या चिमुकल्या वाटीत वितळलेले मेण घेऊन, तिच्या बारीक नळीने कापडावर नक्षी रेखाटतात. या साधनास 'चांतिंग' म्हणतात. मग कापड रंगात बुडवितात. मेणाखाली रंग पोहोचत नाही. उकळत्या पाण्यात मेण वितळले, की नक्षी खुलून दिसते. एका वस्त्रास कधी कित्येक महिने लागतात.

२००९ साली २ ऑक्टोबर रोजी युनेस्कोने या कलेचा गौरव केला. तेव्हापासून तो दिवस तेथे बाटिकदिन म्हणून पाळतात. आज तेथील तरुण नव्या धाटणीचे बाटिकचे सदरे हौसेने घालतात. परंतु यंत्रावर छापलेली नक्कल स्वस्त मिळते. हातचे वस्त्र निवडणारा तरुणच कारागिराच्या चुलीवरचे मेण तापते ठेवतो.