पहिली सुई आणि तिच्यामागची शंभर वर्षे

ज्या 1922 सालच्या मे महिन्यात राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाने करवीर (कोल्हापूर) संस्थान पोरके झाले, त्याच सालच्या 11 जानेवारीस टोरोंटोच्या एका रुग्णालयात, मधुमेहाने अस्थिपंजर झालेल्या 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोचण्यात आली. आणि या शतकाचा मागोवा घेताना मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की ती सुई फसली. अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झाले, साखर थोडकीच उतरली. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांच्या त्या अर्काचे जेम्स कॉलिप या रसायनज्ञाने अहोरात्र खपून शुद्धीकरण केले, तेव्हा कुठे 23 जानेवारीस दिलेल्या मात्रेने लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली.

त्या अर्कातल्या इन्सुलिननंतरची वाटचाल मंद होती. आतड्यातून स्रवणारे जीएलपी-1 हे पेप्टाइड साखर आवरते खरे, परंतु रक्तात ते मिनिटा-दोन मिनिटांतच निकामी होते. ही अडचण सुटण्याची दिशा 1992 साली संशोधक जॉन इंग यांना गिला मॉन्स्टर नामक विषारी सरड्याच्या लाळेतील, अधिक काळ टिकणाऱ्या पेप्टाइडात सापडली. त्यातून 2005 साली एक्सेनाटाइड हे औषध आले; पुढे याच वाटेवर 2017 साली आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे सेमाग्लुटाइड, आणि 2022 साली मंजूर झालेले टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये हिंदुस्थानच्या बाजारात दाखल झाले. 2023 साली रेटाट्रुटाइड या याच वाटेवरच्या नव्या औषधाच्या चाचणीत सर्वोच्च मात्रेवर 48 आठवड्यांत सरासरी 24 टक्के वजन घटल्याचे प्रसिद्ध होताच, त्याची परीक्षा पुरी होण्याची वाट न पाहता, ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कुप्यांचा परस्पर व्यापार जगभर सुरू झाला. ज्या गावात तालमीच्या लाल मातीत शरीर कमावण्याला वर्षानुवर्षांची मुदत लागते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे, त्या कोल्हापुरातील तरुणांनी तरी कुपीतल्या द्रवाची शुद्धता कोणी तपासली, याची खातरजमा केल्यावाचून तो अंगात टोचून घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

आपल्या देहाचा प्रश्न तर निराळाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांची तुलना मांडली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2. तेव्हा स्थूल परदेशी देहांवर ठरलेली या औषधांची मात्रा आमच्या सडपातळ दिसणाऱ्या मधुमेह्याला जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, गुऱ्हाळावरच्या मजुराची आणि पेठेतल्या दुकानदाराची, वजनाबरोबरच कंबरेच्या घेराची आणि स्नायूंच्या ताकदीची नोंद वर्षानुवर्षे दफ्तरी राहिली पाहिजे.