चाळीस सायकलींचं भूत

कोविड सरला, पण पंगतीत शेजारी बसलेले काका अजून ठणकावून सांगतात, “पीसीआरचं काय घेऊन बसलात! सायकली वाढवा, पपईसुद्धा पॉझिटिव्ह येते.” पपईचा किस्सा मे २०२० मधला, टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलेला. तो इतका मुरलाय की खोडायचाही कंटाळा येतो. तरी खोडूच.

पीसीआरच्या प्रत्येक सायकलला, म्हणजे फेरीला, डीएनएचा ठरावीक तुकडा जास्तीत जास्त दुप्पट होतो. दहा सायकलींत हजारपट, चाळीसमध्ये कागदावर लाख कोटीपट. पण शून्याची दुप्पट शून्यच, हे तिसरीतलं पोरही सांगेल.

काकांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. ही वाढ दिसावी म्हणून मिसळलेला सायबर ग्रीनसारखा रंग दुहेरी साखळीच्या कुठल्याही डीएनएवर चकाकतो. कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे प्रायमर आपसांत चिकटून उगाच वाढले, तरी तो उजळतो. प्रोब आला तो हीच खोट काढायला. प्रोब म्हणजे वीस-तीस अक्षरांचा डीएनएचा तुकडा. एका टोकाला चकाकणारा रेणू, दुसऱ्याला ती चकाकी गिळणारा क्वेंचर. दोघं जवळ असेपर्यंत अंधार. प्रोब जुळत्या क्रमावर बसला, की मागून नवी साखळी विणत येणारं टॅक पॉलिमरेज त्याचे तुकडे करतं, जोडी तुटते, प्रकाश दिसतो. १९९१ मध्ये अमेरिकेत हॉलंड आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती किरणोत्सारी खूण लावून दाखवली. १९९३ पर्यंत तिला चकाकी मिळाली. म्हणजे उजेड पडायला दोन प्रायमर आणि एक प्रोब, तिघांचाही होकार लागतो. पपई यात कुठे बसते?

खोटे पॉझिटिव्ह येत नाहीत असं नाही. आधीच्या नमुन्याचा शिंतोडा उडाला की येतात. म्हणून तर प्रत्येक खेपेला नमुना नसलेली, नुसत्या पाण्याची एक नळी लावतात. चाळिसाव्या सायकलीनंतरही ती काळीच राहायला हवी. काकांचं खरं असतं, तर रोज तीच उजळली असती.

“सीटी, म्हणजे ज्या सायकलीला उजेड दिसतो तो आकडा, कमी म्हणजे आजार गंभीर?” नाही. स्वॅब नीट घेतला नाही तर सीटी वाढते, किट बदललं तरी आकडा हलतो. महाराष्ट्रानं पॉझिटिव्हची मर्यादा २४ वर आणावी का असं विचारलं, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, ३५ च ठेवायला सांगितली. २४ वर लागण पसरवणारे कित्येक सुटले असते.

“पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू जिवंत?” तेही नाही. प्रोबला मेलेल्याचा तुकडाही चालतो.

“पीसीआरच्या जनकानंच कोविडची चाचणी खोटी ठरवली?” कॅरी मलिस ऑगस्ट २०१९ मध्येच गेले हो!

“चकाकलं तरच रोग कळतो?” क्षय तपासणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राकडे बघा. त्याच्या पहिल्या चाचणीत केसांच्या पिनेसारखे दुमडलेले पाच प्रोब आहेत. हे ‘मॉलिक्युलर बीकन’ संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये जगापुढे आणले. पाचही मिळून जंतूच्या एका जनुकातली ८१ अक्षरं तपासतात. तिथलं एखादं अक्षर बदललेलं असलं, की त्या जागचा प्रोब बसत नाही. बाकीचे उजळतात, तो एक काळा राहतो किंवा फार उशिरा उजळतो. आणि त्यावरूनच डॉक्टरांना कळतं, की क्षय आहे आणि त्यावरचं रिफॅम्पिसिन हे औषध बहुधा लागू पडणार नाही.