सुपा बुडालं, पण कथा कुठे सुरू झाली?

काळी नदी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. वाटेत काळी आणि पांढरी यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं, तालुक्याचं ठाणं. १९८७ मध्ये पुऱ्या झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्यात ते गेलं. कचेरी जोयड्याला आली, पुष्कळ कुटुंबं रामनगरला गेली. या भागात लिहू पाहणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा सुप्यावरच लिहावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. घोटाळा त्यानंतर सुरू होतो.

गैरसमज : विषय मोठा असला की गोष्ट आपोआप उभी राहते.

‘गाव बुडालं’ ही बातमी झाली. तिच्यात कुणाला काही हवं नाही, कुणी कुणाला अडवत नाही. अशा कथेत पहिल्या पानावर पाणी चढतं, दुसऱ्यावर देऊळ बुडतं, तिसऱ्यावर म्हातारी रडते आणि चौथ्यावर लेखकाजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ ची. धरणग्रस्तांवरच्या या कादंबरीला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची पकड धरणाच्या भव्यपणात नाही. कागद, मोबदला, पुनर्वसनासाठी घातलेल्या खेपा यांत माणसं कशी भरडली जातात, ते ती दाखवते. लेखक स्वतः महसूल खात्यातला होता, हेही लक्षात घ्यावं.

मग सुप्याचं काय करायचं? समजा, एक विधवा बाई आहे. परसातला फणस मोबदल्याच्या यादीत दिराच्या नावावर लागलाय. तो फणस तिने लावलेला. नाव दुरुस्त व्हायला हवं आणि यादी सोमवारी वर जायची आहे. आता धरण मागे सरकलं आणि गोष्ट पुढे आली, कारण एका माणसाला एक गोष्ट हवी आहे, आड येणारा घरचाच आहे आणि मुदत ठरलेली आहे. यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो : हे सांगणार कोण? बाईने सांगितलं तर तक्रार होईल. यादी लिहिणाऱ्या कारकुनाने सांगितलं, तर त्याला नियम ठाऊक असतील पण फणसाची हकिगत ठाऊक नसेल. ती त्याला तुकड्यातुकड्याने कळेल, आणि वाचकालाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या तोंडून सांगितली, त्याचा फायदा हाच. वाडी त्याच्याबरोबर आपल्यालाही हळूहळू उलगडते. दिराला मात्र खलनायक करू नये. त्यालाही फणसावर हक्क वाटण्याचं खरं कारण द्यावं, नाहीतर निकाल पहिल्याच पानावर लागतो.

गैरसमज : खरं घडलेलं आहे, म्हणजे वाचकाला पटणारच.

“अहो, हे खरंच झालंय!” हे वाक्य कथेच्या बचावाला आलं की समजावं, कथा फसली आहे. घटनेला कारण नसलं तरी ती घडते, कथेत ते चालत नाही. जोयड्याच्या शेजारच्या धारवाड भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे त्यांनी नोंदवलं. अभ्यासात एवढी नोंद पुरते. माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतली अशीच सत्तेची झुंज घेतली, तेव्हा त्यांना वानर वेगवेगळे ओळखू यावे लागले. प्रत्येकाचं नाव, खोड, जखम आणि टोळीतली जागा आली. मगच मारामारीला अर्थ आला. जोयड्याकडच्या अणशीच्या रानात पाहिलेलं काही लिहायचं असेल, तर वहीत तारीख-वेळ टिपावी. पण कथा लिहिताना त्या नोंदींतलं बरंचसं सोडून देण्याची तयारी हवी.

गैरसमज : जातिवंत लेखक एका झपाट्यात लिहितो.

कधी कधी लिहितो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पंचविशीतल्या तरुणाने झपाट्याने लिहिलेली, १९६३ ची. त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’ची वाट वाचकांनी वर्षानुवर्षं पाहिली आणि ती २०१० मध्ये आली. वेगावरून कसाचा अंदाज बांधू नये, एवढंच. पहिला खर्डा मात्र वेळ न दवडता शेवटापर्यंत न्यावा. अर्धवट कथेची डागडुजी करण्यात लोकांची वर्षं जातात.

गैरसमज : सीमेवरच्या माणसाची भाषा ‘शुद्ध’ नाही, म्हणून आधी ती सुधारावी.

घरी कोकणी, शाळेत कन्नड, बाजारात मराठी, असं वाढलेल्याला ही भीती फार असते. कारवारकडचे महाबळेश्वर सैल मराठी आणि कोकणी दोन्हींत लिहितात. कुंभारांच्या जगण्यावरच्या त्यांच्या ‘हावठण’ या कोकणी कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. पात्र घरात जसं बोलतं तसं बोलू द्यावं. निवेदनाची भाषा एक ठरवावी आणि ती पाळावी. बोलीतले शब्द जागोजागी नुसते पेरून ठेवले की ते सजावटीसारखे दिसतात, तेवढं टाळावं.

गैरसमज : कथालेखन शिकता येत नाही.

वर्गात बसून येतं की नाही, यावर वाद घालता येईल. पण अनुवाद करताना बरंच शिकता येतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. ‘काजळमाया’ लिहिणाऱ्या या माणसाने कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘गाव’ आणि ‘शिवार’ या नावांनी मराठीत आणल्या. अमेरिकेतल्या दाट अरण्यात झाडं तोडून वसलेल्या कुटुंबाची ती कहाणी, जोयड्यातल्या कुंबारवाड्याच्या वाचकाला परकी वाटू नये अशी. अनुवाद करणाऱ्याला दुसऱ्याचं वाक्य आतून उलगडून पाहावं लागतं. प्रसंग कुठे तोडला, काय सांगितलं नाही, संवाद किती छोटा ठेवला, हे नुसत्या वाचनात निसटतं. आवडलेल्या एका कन्नड कथेचं एकच पान मराठीत करून पाहावं. मग आपल्या कारकुनाचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा आणि सुपा कधीच न पाहिलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावा. तो जिथे “म्हणजे कोण?” असं विचारेल, तिथे पेन्सिलीने खूण करावी.