फटाके, फराळ आणि घरातला कुत्रा

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. शिवाय आपल्याला जाणवतही नाहीत असे बारीक आवाज तो लांबून टिपतो. सुतळी बॉम्बने त्याची काय अवस्था होत असेल! ही भीती भुंकण्याआधीच दिसते: खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, कान मागे, शेपटी पायांत. अशा वेळी जवळ घेतलं तर कुत्रा आणखी भित्रा होतो, हा समज चुकीचा आहे. खुशाल जवळ घ्या. पलंगाखाली शिरला, तर ओढून बाहेर काढू नका. ओरडणं, मारणं तर नकोच.

सवय लावायची ती दिवाळीच्या दीड-दोन महिने आधीपासून. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, सोबत उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. तो निवांत खात असेल, तरच आवाज किंचित वाढवायचा. घाई केली की सगळी मेहनत पाण्यात.

फराळाचं ताट मात्र उंचावर ठेवा. रव्याच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल याचा नेम नाही. चॉकलेटही विषारीच. कांदा-लसूण शिजवला तरी तांबड्या रक्तपेशींना घातक. यातलं काही पोटात गेल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करा.