०.१चा निर्णय कधी होतो?

डोंबिवलीच्या दुकानातल्या बिलाच्या तळाशी 'राउंड ऑफ' अशी ओळ दिसते. कराच्या रकमेपुरता नियम पक्का आहे: २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं, ५० पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या.

संगणकालाही असा नियम लागतो, कारण साधा ०.१ द्विमान पद्धतीत कधी संपतच नाही. तो ५३ बिटांत बसवला की खऱ्या एक-दशांशापेक्षा किंचित मोठा होतो: ०.१००००००००००००००००५५५... विल्यम काहान यांच्या पुढाकाराने घडलेल्या 'आयईईई ७५४' या १९८५च्या मानकाने पूर्णांकनाचे चार मार्ग दिले: सर्वांत जवळची संख्या, शून्याकडे, वर आणि खाली. बरोब्बर मध्ये अडकलेली संख्या 'जवळच्या' मार्गात सम बाजूला जाते, २.५चे २, पण ३.५चे ४.

वर आणि खाली हे मार्ग हमी देण्यासाठी आहेत. एकच क्रिया, समजा एक भागाकार, एकदा खाली वळवून, एकदा वर वळवून केली, की खरं उत्तर त्या दोन टोकांमध्ये सापडलंच पाहिजे. सी भाषेत दिशा बदलणारं फंक्शन १९९९पासून आहे.

आता मॅक्रो लिहा: 'दशांश' म्हणजे ०.१. मॅक्रो फक्त मजकूर जागेवर चिकटवतो. त्या मजकुराची संख्या करतो कंपायलर, तीही प्रोग्राम चालण्याआधी आणि 'जवळच्या' मार्गाने. पुढे प्रोग्रामने 'खाली' म्हटलं तरी ०.१ बदलत नाही. म्हणजे खालचं टोकच खऱ्या एक-दशांशाच्या वर बसलं आणि हमी मोडली. कुठलीही चूक दाखवली जात नाही, हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

मॅक्रोत १.० भागिले १०.० लिहिलं तर? जीसीसी हा कंपायलर तोही भागाकार आधीच उरकतो. 'एफ-राउंडिंग-मॅथ' हा पर्याय दिल्यावर तो चालू प्रोग्रामवर सोपवला जातो. पण ०.१ असा थेट आकडा आणि स्थिर चलांची सुरुवातीची किंमत तेव्हाही आधीच ठरते. सी भाषेच्या सी२३ मानकाने आकड्यांनाही दिशा देणारी सूचना आणली; आपला कंपायलर ती पाळतो का, हे तपासूनच वापरावी.

तोवर माझा आग्रह असा, की एक-दशांशाची खालची आणि वरची अशी दोन्ही टोकं दोन वेगळ्या मॅक्रोंत, षोडशमान आकड्यांत लिहावीत. त्यांतला प्रत्येक बिट आपणच लिहिलेला असतो, त्यामुळे कंपायलरला पूर्णांकन करावंच लागत नाही.